८९ मिलिमीटरची सीमा: स्वीडन-फिनलंड रेल्वे जोडणीचं प्रकरण

स्वीडनमधलं हापारांदा आणि फिनलंडमधलं तोर्नियो ही दोन गावं तोर्ने नदीच्या मुखाशी एकमेकांना अगदी चिकटून वसलेली आहेत. लोक इकडून तिकडे शाळेत जातात, नोकरीला जातात, बाजारहाट करतात, कोणी पासपोर्ट विचारत नाही. दोन्ही देश १९९५ पासून युरोपियन युनियनमध्ये आहेत आणि आता दोघंही नाटोत आहेत. नदीवर १९१९ पासून रेल्वेचा पूल आहे, पण त्यावरून धावणारी प्रवासी गाडी १९८८ मध्ये बंद पडली ती पुढची तीस वर्षं उलटली तरी परत आली नाही.

याचं कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर वेगळं आहे. फिनलंडचं १५२४ मिमी, स्वीडनचं १४३५. उत्तर खरं आहे पण अर्धवट आहे असं माझं मत आहे, आणि ते का ते सांगायलाच हे प्रकरण मांडतोय. अलीकडच्या काळातल्या अधिकाऱ्यांची किंवा मंत्र्यांची नावं मुद्दाम घेत नाही, माणसं बदलत गेली तरी निर्णयांचा साचा तोच राहिला.

पार्श्वभूमी

फिनलंडची पहिली रेल्वे १८६२ ची, हेलसिंकी ते हामेनलिन्ना. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता त्यामुळे गेजही रशियाचंच आलं, पाच फूट म्हणजे १५२४ मिमी. स्वीडनमध्ये सरकारी मुख्य मार्गांचे पहिले तुकडे १८५६ मध्ये सुरू झाले, नील्स एरिक्सन या इंजिनियरच्या देखरेखीखाली, आणि तिथं इंग्लंडसारखं १४३५ मिमी घेतलं. म्हणजे दोन्हीकडच्या रुळांची रुंदी ठरली तेव्हा त्यांच्यात शेकडो किलोमीटरचं जंगल होतं, हे दोन रूळ कधी समोरासमोर येतील असा विचार कोणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं.

दुसरी गोष्ट लष्कराची. स्वीडनने उत्तरेकडची मुख्य लाईन मुद्दाम किनाऱ्यापासून आत नेली, समुद्रातून हल्ला झाला तर रेल्वे हाती लागू नये म्हणून. ती १८९४ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या बोडेनपर्यंत पोचली. लोक राहायचे किनाऱ्यावरच्या गावांत आणि मुख्य लाईन जायची जंगलातून, गावांना फाटे काढून जोडलं. या एका निर्णयाचे परिणाम अजून निस्तरणं चालू आहे. किनाऱ्याच्या बाजूने उमेओपर्यंत जाणारी १९० किमीची बोत्निया लाईन २०१० मध्ये सुरू झाली, आणि उमेओच्या पुढे लुलेओकडे जाणारी लाईन आत्ता कुठे बांधली जातेय.

फिनलंडचे रूळ ओउलूला १८८६ मध्ये आले आणि तोर्नियोला १९०३ मध्ये. स्वीडनला मात्र सीमेवर पोचायला १९१५ उजाडलं, तेही पहिलं महायुद्ध सुरू झाल्यामुळे घाई झाली म्हणून. जर्मनीने बाल्टिक समुद्र बंद केल्यावर रशिया आणि पश्चिमेकडचे त्याचे मित्रदेश यांच्यातला जमिनीवरचा रस्ता एकदम या टोकाला येऊन पडला. टपाल, माल, अदलाबदल केलेले हजारो जखमी युद्धकैदी, सगळं इथून. पूल नव्हता. हिवाळ्यात नदी गोठली की घोड्यांच्या स्लेज चालायच्या. एप्रिल १९१७ मध्ये लेनिन स्वित्झर्लंडहून पेत्रोग्राडला (म्हणजे सेंट पीटर्सबर्गला) गेला तेव्हा तो याच ठिकाणी हापारांदाहून तोर्नियोला स्लेजमधून गेला आणि पलीकडे फिनिश ट्रेनमध्ये बसला.

१९१७ च्या डिसेंबरमध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९१९ मध्ये पूल झाला. युद्धात त्याची सगळ्यात जास्त गरज होती, आणि तो आला युद्ध संपल्यावर.

अजून एक गोष्ट इथं सांगायला हवी कारण ती सहसा कोणी सांगत नाही. हेलसिंकीकडून सेंट पीटर्सबर्गला जाणारी लाईन १८७० मध्ये सुरू झाली, गेज तेच, सरकारही एकाच सम्राटाचं. तरी फिनिश लाईन नेवा नदीच्या उत्तरेलाच फिनलंड स्टेशनवर संपायची आणि बाकी रशियन रेल्वे नदीच्या दक्षिणेला. दोघांना जोडणारा पूल १९१३ मध्ये झाला. चाळीसहून जास्त वर्षं एकाच गेजचे रूळ एकाच शहरात समोरासमोर होते आणि जोडलेले नव्हते. तेव्हा नुसतं गेज एक असलं की रेल्वे जोडली जाते हा समज आधी बाजूला ठेवू.

नेमकी अडचण

हापारांदा आणि तोर्नियोच्या मधल्या तुकड्यावर चार रूळ आहेत. एकाच स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीवर, स्वीडिश जोडी आणि फिनिश जोडी एकमेकींत गुंफलेली. आपल्याकडच्या लोकांना लगेच प्रश्न पडेल की तीन रुळांत का नाही भागवलं, एक रूळ सामाईक ठेवायचा. स्पेनमध्ये तसं केलंय, पण तिथल्या दोन गेजमध्ये २३३ मिमी फरक आहे. इथं ८९ मिमी. म्हणजे एक रूळ सामाईक ठेवला तर उरलेले दोन रूळ इतके जवळ येतात की रुळाचा खालचा पाया आणि त्याला धरणाऱ्या क्लिपा यांनाच जागा उरत नाही. फरक अजून मोठा असता तर काम सोपं झालं असतं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरं आहे. म्हणून चार रूळ. सरळ लाईनवर चार रूळ चालतात, पण जिथं गाड्यांना एका लाईनवरून दुसरीकडे वळायचं तिथले सांधे प्रचंड गुंतागुंतीचे होतात, आणि उणे पंचवीस तापमानात त्या सांध्यांमधला बर्फ काढणं हा वेगळाच उद्योग.

गेजशिवाय आणखी काय वेगळं आहे बघा. वीज वेगळी, स्वीडनमध्ये १५ किलोव्होल्ट आणि फिनलंडमध्ये २५ किलोव्होल्ट. सिग्नल यंत्रणा वेगळी. डबल लाईनवर स्वीडनची गाडी डावीकडून चालते, फिनलंडची उजवीकडून. घड्याळसुद्धा एक तासाने वेगळं, त्यामुळे हापारांदाला गाडी बाराला पोचली तर पलीकडे एक वाजलेला असतो आणि कनेक्शन लावणाऱ्याला दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बसावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की दोन्ही देशांसाठी ही जागा टोकाची. स्टॉकहोमहून बघितलं तर हापारांदा म्हणजे शेवटचं स्टेशन, हेलसिंकीहून बघितलं तर तोर्नियो म्हणजे उत्तरेकडच्या एका फाट्यावरचं स्टेशन. दोघांच्याही हिशोबात तिथं माणसं कमी. दोन्ही बाजू मिळून हिशोब केला तर चित्र वेगळं दिसतं, एकीकडे लुलेओ आणि बोडेन, दुसरीकडे केमी आणि ओउलू, बोत्नियाच्या आखाताच्या टोकाला असलेला सलग पट्टा, स्टील, लाकूड, कागद, विद्यापीठं सगळं आहे. तोर्नियोत स्टेनलेस स्टीलचा अवाढव्य कारखाना आहे आणि जवळच केमीला क्रोमची खाण. पण हा सलग पट्टा कुठल्याच एका रेल्वे खात्याच्या नकाशावर नव्हता.

त्याचे परिणाम ओळीने दिसतात. १९८८ मध्ये सीमेपलीकडची प्रवासी गाडी बंद. १९९२ मध्ये स्वीडनने हापारांदापर्यंतची प्रवासी गाडीच बंद केली. दोन्ही निर्णय आपापल्या हिशोबात बरोबरच असणार, गाडी रिकामी जाते, खर्च निघत नाही. पण पलीकडून प्रवासी यायची सोय आधी काढून घेतली आणि मग चार वर्षांनी अलीकडची गाडी बंद केली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे २००६ मध्ये हापारांदात आयकियाचं मोठं दुकान उघडलं, फिनलंडहून लोक गाड्या भरभरून खरेदीला येतात, आणि त्या वेळी गावातल्या त्या भव्य स्टेशनात एकही प्रवासी ट्रेन येत नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, फिनलंडने सगळं जाळं १४३५ करायचं. साधारण ५,९०० किमी. इतिहासात असं झालंय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नेमकं हेच पाच फुटी गेज होतं आणि १८८६ मध्ये ३१ मे आणि १ जून अशा दोन दिवसांत त्यांनी साडेअकरा हजार मैलांच्या आसपास लाईन बदलली, एक रूळ तीन इंच आत सरकवून. पण तेव्हा स्लीपर लाकडी, खिळे उपटायचे आणि आत ठोकायचे. आज स्लीपर काँक्रीटचे, रूळ धरायची जागा त्यात ओतलेलीच असते, ती सरकत नाही. शिवाय प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा, प्रत्येक सांधा, प्रत्येक प्लॅटफॉर्मची कड. खर्च अब्जावधी युरो, आणि बदल चालू असताना देशातच दोन गेज, म्हणजे आज सीमेवर असलेली माल उतरवा-चढवायची भानगड रोज कुठल्या तरी मधल्या स्टेशनवर. आपल्याकडे मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडी-लातूरकडची नॅरोगेज अशा तिन्ही लाईन एकत्र यायच्या, ज्यांनी तिथं गोण्यांची हमाली बघितलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको. भारताने १९९२ नंतर युनिगेज, म्हणजे सगळीकडे एकच गेज, हे धोरण घेऊन ते बदलत नेलं, पण त्यालाही दशकं लागली.

दुसरा पर्याय, फक्त सीमेपासून केमी, ओउलूपर्यंत १४३५ ची लाईन न्यायची, जुन्या लाईनच्या शेजारून. म्हणजे गेज बदलायची जागा सीमेवरून उचलून ओउलूसारख्या मोठ्या शहरात आणायची.

तिसरा, गेज आहे तसं ठेवायचं आणि बदल सोपा करायचा. बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, बदलणं किंवा कंटेनर क्रेनने उचलून पलीकडच्या वॅगनवर ठेवणं. तुर्कू आणि स्टॉकहोमच्या मध्ये वॅगन घेऊन जाणारी बोट, म्हणजे ट्रेन फेरी होती आणि तुर्कूत बोगी बदलायच्या, ती २०१२ च्या सुमारास थांबली.

चौथा पर्याय सगळ्यात स्वस्त आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं गेलं: एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला स्वीडिश गाडी, दुसऱ्या बाजूला फिनिश गाडी, दहा मिनिटांचं कनेक्शन आणि एक तिकीट. माणूस काही वॅगन नाही, तो स्वतः उतरून चालत पलीकडे जातो. चार रूळ आधीच टाकलेले होते, पूल होता, हापारांदा स्टेशनात फिनिश रूळही येत होते. हा पर्याय वर्षानुवर्षं हातात होता.

याच्या विरुद्ध उदाहरण स्वीडनच्याच दुसऱ्या टोकाला आहे. एरेसुंदचा पूल, माल्मो ते कोपनहेगन, जुलै २००० मध्ये सुरू झाला. तिथं गेज सारखं, पण वीज वेगळी, सिग्नल वेगळे, डेन्मार्कची गाडी उजवीकडून चालते आणि स्वीडनची डावीकडून. दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या, दोन्ही सिग्नलची उपकरणं बसवली आणि लोक रोज ऑफिसला जायला लागले. आपल्याकडे मुंबईत डीसीचं एसी करताना दोन्हीवर चालणाऱ्या लोकल आणल्या होत्या, तोच प्रकार. एरेसुंदला हे जमलं कारण दोन्ही सरकारांनी पूल आणि गाडी यांचा विचार एकत्र केला. उत्तरेत पूल एकाने, गाडी दुसऱ्याने आणि वेळापत्रक कोणीच नाही, असं झालं.

काय केलं गेलं

स्वीडनने पहिलं मोठं पाऊल उचललं. जुनी लाईन कारुंगीमार्गे वळसा घालून हापारांदाला यायची. त्याऐवजी कालिक्स ते हापारांदा ४२ किमीची नवी लाईन बांधली, बोडेन ते कालिक्स जुनी लाईन सुधारली, सगळ्यावर वीज आणि नवी युरोपियन सिग्नल यंत्रणा बसवली. २०१२-१३ पर्यंत हे झालं. नवी कोरी विजेची लाईन सीमेपर्यंत आली आणि सीमेवर थांबली.

फिनलंडची विजेची तार २००४ मध्ये ओउलूहून रोवानिएमीपर्यंत गेली होती. केमीच्या जरा उत्तरेला लौरिला नावाचा फाटा आहे, तिथून तोर्नियो साधारण वीस किलोमीटर. तार लौरिलावरून सरळ पुढे गेली आणि तोर्नियोचा फाटा डिझेलवर राहिला. २०१३ नंतर तर स्थिती अशी की दोन्हीकडे वीज आहे आणि मधले वीस किलोमीटर कोरडे. या वीस किलोमीटरचं गेजशी काहीही देणंघेणं नव्हतं. तार टाकायला दोन देशांचा करार लागत नव्हता, युरोपियन कायदा लागत नव्हता, फिनलंडच्या स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या खात्याने करायचं काम. त्याला दहा वर्षांहून जास्त लागली. या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त खटकणारा भाग हा आहे.

मधल्या काळात वेगळ्याच मोठ्या योजनेवर चर्चा रंगली, रोवानिएमीहून नॉर्वेच्या किर्केनेसपर्यंत आर्क्टिक रेल्वे. २०१९ मध्ये फिनलंड-नॉर्वेच्या कार्यगटाने ती परवडणारी नाही असं सांगितलं, तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचाही ठाम विरोध होता कारण लाईन रेनडिअर चरण्याच्या मुलखातून जाणार होती. तो विरोध योग्यच होता असं मला वाटतं. बर्फातून पाचशे किलोमीटर नवी लाईन टाकायची स्वप्नं बघताना शेजारचे वीस किलोमीटर राहून गेले.

प्रवासी बाजूला हललं ते एप्रिल २०२१ मध्ये. स्वीडनच्या उत्तरेकडच्या प्रादेशिक रेल्वेने हापारांदाची गाडी परत सुरू केली, जवळजवळ तीस वर्षांनी. उतरल्यावर पुढे केमीला जायला बस.

मग फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि मार्चच्या शेवटी हेलसिंकी-सेंट पीटर्सबर्ग अलेग्रो गाडी बंद झाली. रशियातून येणारं लाकूड थांबलं. ज्या पूर्वेकडच्या जोडणीसाठी हे गेज होतं ती जोडणी काही आठवड्यांत संपली. फिनलंडचा परदेशी व्यापार वजनाच्या हिशोबाने नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रातून होतो, म्हणजे बाल्टिकला काही झालं तर देश एखाद्या बेटासारखा अडकतो. २०२४ च्या वसंतात संपामुळे बंदरं काही आठवडे ठप्प झाली तेव्हा युद्धाशिवायही हे कसं दिसतं ते कारखान्यांनी बघितलं. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन नाटोत गेले आणि नॉर्वेचं नार्विक बंदर ते स्वीडनमधलं किरुना, बोडेन, हापारांदा, फिनलंड हा रस्ता लष्करी नकाशावर ठळक झाला.

त्यानंतर तीन गोष्टी झाल्या. लौरिला ते सीमा तारेचं काम एकदाचं मार्गी लागलं, युरोपच्या पैशाच्या मदतीने. २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या वाहतूक जाळ्याचा सुधारित नियम आला, ज्यांचं गेज वेगळं आहे त्या देशांनी १४३५ कडे जाण्याचा अभ्यास करायचा असा. आणि मे २०२५ मध्ये फिनिश सरकारने जाहीर केलं की उत्तरेकडून, ओउलूच्या पुढच्या भागापासून युरोपियन गेजचं नियोजन करणार, बांधकाम २०३० च्या दशकात.

निकाल

आजचा हिशोब मांडला तर वीज दोन्हीकडून आली, स्वीडिश बाजूची लाईन उत्तम आहे, हापारांदाला प्रवासी गाडी आहे. मालाच्या बाबतीत सीमेवर उतरवा-चढवा चालूच. नवं गेज कागदावर.

पर्यायी वाट म्हणून नार्विककडे बघायचं तर तीही नाजूक आहे. किरुना-नार्विक ही लोखंडाच्या खनिजाची एकेरी लाईन, त्यावर ८,६०० टनांच्या गाड्या धावतात. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या हद्दीत खनिजाची गाडी घसरली आणि कित्येक किलोमीटर रूळ उखडले, लाईन साधारण दोन महिने बंद राहिली, फेब्रुवारीत सुरू झाली आणि काही दिवसांतच पुन्हा गाडी घसरली. नार्विक नॉर्वेत असूनही नॉर्वेच्या बाकी रेल्वेशी जोडलेलं नाही, ऑस्लोहून नार्विकला जाणारी मालगाडी स्वीडनमधूनच जाते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत उत्तर नॉर्वेच्या दुकानांच्या मालापासून ताज्या माशांपर्यंत सगळं रस्त्यावर आलं. फिनलंडने ओउलूपर्यंत १४३५ आणलं तरी पलीकडे ही एकेरी लाईन तशीच राहिली तर संकटात उपयोग किती, हा प्रश्न नियोजनात यायलाच हवा.

वेगळं काय करता आलं असतं

१९८८ चा निर्णय. सीमेपलीकडची गाडी बंद करण्याआधी दोन्ही देशांच्या रेल्वेने मिळून एक वर्ष तरी नीट जुळलेलं वेळापत्रक चालवून बघायला हवं होतं, एक तासाचा फरक धरून. रिकामी गाडी हा पुरावा धरला गेला, पण ती गाडी कशाला जोडून होती हे कोणी बघितलं नाही असं तिचा शेवट बघून वाटतं.

२००४ चा निर्णय. तार टाकणारी माणसं, यंत्रं, कंत्राट सगळं लौरिलाला हजर असताना फाट्याचे वीस किलोमीटर त्याच कामात घेतले असते तर वेगळा खर्च, वेगळी मंजुरी, वेगळी वाट बघणं वाचलं असतं. फाटा मुख्य लाईनबरोबर विजेवर घ्यायचा की नंतर बघू म्हणायचं, हा प्रश्न रेल्वेत सगळीकडे येतो आणि नंतर बघू म्हटलेला फाटा साधारण दहा-पंधरा वर्षं मागे पडतो.

स्लीपरचा निर्णय, जो आजही घेता येईल. स्पेनने गेज बदलायच्या आधीपासून कित्येक मार्गांवर असे काँक्रीट स्लीपर टाकले ज्यात दोन्ही गेजसाठी रूळ बसवायची जागा आहे, आज रुंद रूळ लावा, उद्या अरुंद. ८९ मिमीच्या फरकात ते करणं जास्त अवघड आहे कारण दोन्ही जागा एकमेकींवर येतात, तरी खास स्लीपर बनवून एका बाजूचा रूळ सरकवता येईल का हे ओउलू-तोर्नियो पट्ट्यात नियमित दुरुस्तीत बदलल्या जाणाऱ्या स्लीपरवर तपासता येईल. स्लीपर तसेही आयुष्य संपलं की बदलावेच लागतात, मग आता जुन्याच मापाचे टाकून पुढची चाळीस वर्षं बांधून घेण्यात अर्थ नाही.

आणि २०३० च्या दशकातल्या बांधकामाची वाट बघत प्रवासी जोडणी परत लांबवू नये. ओउलू-केमी-हापारांदा फिनिश गाडी, लुलेओ-हापारांदा स्वीडिश गाडी, हापारांदाला समोरासमोर, दिवसातून निदान तीनदा, एका तिकिटावर. त्यासाठी ना नवं गेज लागतं ना नवा पूल. वेळापत्रक ठरवायला दोन्हीकडच्या प्रादेशिक संस्थांची एकच समिती लागते, जिच्या नकाशावर लुलेओ ते ओउलू हा एक सलग पट्टा असेल, आणि तिच्या हातात गाडीसाठी थोडे पैसे.